सतरावा रकाना

प्रति,
महाराष्ट्रातल्या वधू-वर सूचक मंडळांचे चालक, कार्यकर्ते आणि मेळाव्यांचे संयोजक यांस

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीला एका मंडळातून फोन आला. मंडळाचं नाव लिहीत नाही, कारण मला जे म्हणायचंय ते तुम्हा सगळ्यांनाच म्हणायचंय. भाचीचं नाव नोंदवून आठ दिवस झाले होते. फोनवरच्या बाई अगदी गोड बोलत होत्या. "ताई, मुलगी छान आहे, नोकरी चांगली आहे. फक्त सतराव्या रकान्यात तुम्ही मावशी लिहिलंय, तेवढं बदलून देता का? नवा फॉर्म आम्ही देऊ, त्याचे पैसे नकोत. आणि पाहुणे बघायला येतील तेव्हा मावशींना जरा… तुम्हाला कळतंय ना?"

ती मावशी मी.

सतरावा रकाना असा आहे : 'कुटुंबात कोणास कोड, कुष्ठरोग, फेफरे, वेड इ. आहे काय? असल्यास नाते लिहावे.' भाचीने तो स्वतःच्या हाताने भरला होता. तिचं अक्षर टपोरं आहे. 'होय. मावशी (सख्खी). कोड.' एवढं लिहून ती पुढच्या रकान्याकडे वळली होती. तिच्या स्वतःच्या अंगावर एक पांढरा ठिपकाही नाही. तरी बहिणीने मंडळात जाऊन पाहिलं तेव्हा तिचा फॉर्म मोठ्या फाइलीत नव्हता. टेबलाखालच्या खणात एक पातळ तपकिरी फाइल होती, तिच्यात होता.

बहीण हे सांगताना रडली. मला रडू आलं नाही, पण रात्री झोपही आली नाही. कारण तशीच एक तपकिरी फाइल मी बावीस वर्षांपूर्वी पाहिली होती. तेव्हा तिच्यात माझा फॉर्म होता.

मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. सातारा जिल्ह्यात एसटीत वाहक म्हणून अठरा वर्षं नोकरी करते. पहिला डाग एकोणिसाव्या वर्षी आला, उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेरावर, तांदळाच्या दाण्याएवढा. आईला वाटलं चुना लागलाय. तिने ओल्या फडक्याने पुसला. गेला नाही म्हणून परत पुसला, जोरात. मग तिने फडकं खाली ठेवलं आणि मला म्हणाली, "आजीला सांगू नकोस." त्या वाक्यापासून पुढची दहा-बारा वर्षं मी सांगितलं नाही, दाखवलं नाही, बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या. आज दोन्ही हातांची बोटं, मनगटं, गुडघे आणि कमरेवर नाडी जिथे घासते तिथला पट्टा पांढरा आहे. नाडी घासते तिथे डाग का आला हे मला फार उशिरा कळलं. कोड अंगात असलं की जिथे कातडीला सतत घासलं जातं, खरचटतं, भाजतं, तिथे नवा डाग उठू शकतो. आई मात्र पुढची कितीतरी वर्षं शोधत राहिली की मी कुणाकडे माशांच्या जेवणावर दूध प्यायले होते.

वाहकाचं सगळं काम हातांचं. पैसे घ्यायचे, तिकीट द्यायचं, सुट्टे मोजून परत करायचे. कराड-पाटण मार्गावर एका फेरीत शंभरेक तळहात माझ्यासमोर येतात. नोकरी लागली तेव्हा मी हातांना रंग जुळवून क्रीम लावायची. एप्रिल-मे महिन्यात भरलेल्या गाडीत घाम आला की ते क्रीम ओघळायचं आणि पांढऱ्या तिकिटांवर माझ्या बोटांचे तपकिरी ठसे उमटायचे. एका प्रवाशाने ते तिकीट उलटसुलट करून पाहिलं, मग माझ्या बोटांकडे पाहिलं. क्रीम निघालेल्या जागी पांढरं दिसत होतं. त्याने तिकीट खिशात न ठेवता पुढच्या सीटच्या दांड्यात खोचलं. त्या दिवशी ड्युटी संपल्यावर मी डबी आगारातल्या कचऱ्याच्या पिंपात टाकली. धैर्य वगैरे काही नव्हतं त्यात. मला रोज त्या ठशांकडे बघवेना, एवढंच.

त्यानंतर लोक जे करायचे ते उघड्या हातांवर करू लागले. कुणी नाणं चिमटीत धरून माझ्या तळव्यावर वरून सोडायचं. कुणी सुट्टे हातात न घेता "ठेवा इथे" म्हणून सीटकडे बोट दाखवायचं. पण सगळेच तसे नव्हते, आणि हेही तितकंच खरं म्हणून सांगते. मल्हारपेठेला एक आजी चढल्या. पंचाहत्तरीच्या पुढच्या, म्हणजे तिकीट माफ. चढताना आधाराला त्यांनी माझाच हात धरला, वर आल्यावर सोडला नाही, उलटा करून पाहिला. "भाजलंय का गं लेकी?" "न्हाई आजी, कोड हाय." "दुखतं?" "न्हाई." "मग बरं हाय," म्हणाल्या आणि खिडकीची जागा धरून बसल्या. माझ्या आयुष्यात कोडावरचं सगळ्यांत लहान संभाषण ते असेल. 'दुखतं का' हा प्रश्न तुमच्या फॉर्ममध्ये कुठेच नाही.

आता कोड म्हणजे काय ते मला कळलंय तसं सांगते. कराडात आम्हा कोड असलेल्यांचा एक गट आहे, तिथे वर्षातून दोनदा एक त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टर येतात, त्यांनी आम्हाला फळ्यावर काढून दाखवलं आहे. कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. जंतूंशी लढायला शरीरात जी फौज असते, तीच चुकून या रंगपेशींवर चालून जाते. पेशी मेल्या की तिथे रंग तयार होत नाही. कातडी बाकी जशीच्या तशी, घाम येतो, चिमटा कळतो, गरम चहा सांडला तर चटका बसतो. उन्हाचा चटका तर जास्तच बसतो, कारण रंग ही उन्हातली छत्री असते आणि ती तिथे नाही. स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, एकत्र झोपल्याने, रक्ताने, कशानेही हे दुसऱ्याला लागत नाही. जगात दर शंभर-दोनशे माणसांत एखाद्याला तरी असतं, काही ठिकाणी शंभरात दोघांना. पापाने येत नाही, दूध-माशांनी येत नाही. काही जणांत याच्याबरोबर थायरॉइडचा त्रास निघतो, म्हणून रक्ताची तपासणी करून घ्यावी. घाबरायचं तर त्या न केलेल्या तपासणीला घाबरावं.

तुमच्या रकान्यात कोडाच्या शेजारी स्वल्पविराम देऊन कुष्ठरोग लिहिला आहे. हे दोन शब्द शेजारी आले कसे, तर 'श्वेतकुष्ठ' या एका शब्दाने. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो, त्याचा चट्टा बधिर असतो, आणि त्या चट्ट्याचा रंग फिकट किंवा लालसर असतो, असा दुधासारखा पांढरा नसतो. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण इथे मला थांबून एक सांगायचं आहे. आमच्यातले बरेच जण रागाने म्हणतात, 'आम्ही काय कुष्ठरोगी आहोत?' मीसुद्धा म्हणायची. आता म्हणत नाही. कुष्ठरोग सहा महिने ते वर्षभर गोळ्या घेतल्या की बरा होतो, त्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं, ते २०१९ साली संसदेने काढून टाकलं. कोड तर त्या यादीत कधी नव्हतंच. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं त्याला पाऊणशे वर्षं झाली. आणि आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या विवाह मंडळांच्या फॉर्ममध्ये अजून तो शब्द एखाद्या घराण्यावरच्या आळासारखा छापला जातो. आम्हाला त्या रकान्यातून काढा असं म्हणताना त्यांना तिथेच ठेवा असं मी म्हणणार नाही. फेफरं येणाऱ्यांनाही नाही.

आता घराण्याबद्दल. तुमचा मुख्य मुद्दा हाच असतो, की 'पुढे मुलांना आलं तर?' हा प्रश्न विचारणाऱ्या आईवर मी रागावत नाही, मी स्वतः आई आहे. माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे आणि तो लहान असताना त्याला आंघोळ घालताना मी दर वेळी त्याचं अंग न्याहाळायची. तेव्हा डॉक्टरांनी जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते. कोडात आनुवंशिकतेचा वाटा आहे, हे कुणी नाकारत नाही. पण किती? अमेरिका-इंग्लंडकडच्या अडीच हजारांवर रुग्णांच्या कुटुंबांचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांच्या सख्ख्या भावंडांपैकी साधारण ६ टक्क्यांना कोड निघालं. म्हणजे शंभरातल्या चौऱ्याण्णव सख्ख्या भावंडांना नव्हतं. त्याहून महत्त्वाचं, हुबेहूब जुळी भावंडं, ज्यांची जनुकं सारखीच, त्यांच्यातही एकाला असताना दुसऱ्याला असण्याचं प्रमाण २३ टक्क्यांच्या आसपासच होतं. जुळ्याला नक्की सांगता येत नाही ते तुम्ही मावशीवरून भाचीला सांगता.

आणि उलट बाजूनेही पाहा. कोड असलेल्या साधारण निम्म्या लोकांना ते विशीच्या आत येतं. उरलेल्यांना नंतर, कुणाला तिशीत, कुणाला पन्नाशीत, कुणाला पहिल्या बाळंतपणाच्या सुमाराला. बहुतेकांच्या घरात आधी कुणालाच नसतं. सतराव्या रकान्यात 'निरंक' लिहून ज्यांची लग्नं तुमच्याकडून झाली, त्यांच्यातल्या काहींना नंतर कोड आलंच असणार. आमच्या गटात अशा तिघीजणी आहेत. त्यातल्या एकीच्या नवऱ्याने मंडळात जाऊन भांडण केलं होतं, की तुम्ही फसवलंत. कुणी कुणाला फसवलं होतं? तिच्या कपाळावर बरोबर टिकलीच्या आकाराचा पांढरा गोल उठला होता. सासू म्हणाली, कुंकवाच्या जागीच पांढरं, हा अपशकुन. टिकलीमागच्या डिंकात एक रसायन असतं, पॅरा-टर्शरी ब्युटिल फिनॉल, त्याने काही जणींची कातडी तिथे रंग सोडते. रबरी चपलेच्या पट्ट्याने पायावर होतं, केसांच्या डायने कपाळाच्या कडेला होतं. डॉक्टरांनी तिला टिकली बंद करायला लावली, औषध दिलं. सासूला समजवायला मात्र आमच्या चार बायकांना तिच्या घरी जाऊन बसावं लागलं. चहा आला. आम्ही चौघींनी पांढऱ्या हातांनी कप धरले आणि सासूबाईंसमोर बसून प्यायलो. तेवढं पाहणंच त्यांच्यासाठी नवीन होतं.

गटाबद्दल सांगते, कारण माझ्यात जो काही धीटपणा आज तुम्हाला या पत्रात दिसत असेल तो तिथला आहे. एकट्याने तो येत नाही. निदान मला आला नाही.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी कोड असलेल्यांसाठी 'श्वेता असोसिएशन' उभी केली, हे तुमच्यातल्या पुष्कळांना माहीत असेल. त्या स्वतः डॉक्टर आणि त्यांना स्वतःला कोड आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००६ सालचा 'नितळ' हा मराठी चित्रपट याच विषयावरचा. एका मैत्रिणीने मला तो दाखवला आणि चित्रपट संपल्यावर आम्ही दोघी बराच वेळ बोललो नाही. मग तिनेच विचारलं, आपल्याकडे असं काही का नाही? कराडात एका वाचनालयाने रविवारी दुपारी मागची खोली द्यायचं कबूल केलं. पहिल्या दिवशी आम्ही चौघं होतो. मी, ती मैत्रीण, एक कॉलेजात जाणारी मुलगी आणि एका शाळेतले शिपाई. आता दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कधी बारा जण येतात, कधी तीस.

त्या शिपाईकाकांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. पहिल्या बैठकीत चहा आला तेव्हा त्यांनी पिशवीतून स्वतःचा स्टीलचा पेला काढला. आम्ही काहीच बोललो नाही. दुसऱ्या बैठकीतही काढला. मग सांगितलं, की शाळेत त्यांचा कप वेगळा ठेवला जायचा, खिडकीच्या कट्ट्यावर, पालथा. तो वेगळा कप बघण्यापेक्षा आपला पेला बरा म्हणून त्यांनी तो पिशवीत ठेवायला सुरुवात केली. मग लग्नाकार्यात, पाहुण्यांकडे, सगळीकडे तो बरोबर जायचा. अकरा वर्षं. चौथ्या बैठकीला ते आले, चहाचा ट्रे फिरला, त्यांनी बोलता बोलता एक कप उचलला आणि प्यायले. पेला पिशवीत होता का घरी राहिला होता मला माहीत नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, कुणीच पाहिलं नाही. पण मला आठवतंय, खोलीतलं बोलणं क्षणभर थांबून परत सुरू झालं होतं.

हे आमच्या गटाचं काम. भाषणं फारशी नाहीत. कुठल्या डॉक्टरकडे जावं, उन्हात काय लावावं, प्रकाशोपचार किती महिने घ्यावे लागतात, सरकारी रुग्णालयात कुठे होतात, असलं बोलणं. मी स्वतः तिशीत दोन वर्षं अतिनील प्रकाशाचे उपचार घेतले, आठवड्यातून दोनदा, ड्युट्या बदलून. डाव्या डोळ्याजवळचा डाग भरला. आधी पांढऱ्यात मोहरीएवढे तपकिरी ठिपके दिसले, प्रत्येक ठिपका एकेका केसाच्या मुळाशी. रंग केसाच्या मुळातून परत येतो असं तेव्हा कळलं. बोटांच्या टोकांना केसच नसतात, त्यामुळे तिथे काही येणं अवघड, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तसंच झालं. मी थांबले. गटातल्या एका मुलाने मात्र डाग वर्षभर स्थिर असल्याची खात्री झाल्यावर कातडीरोपणाची शस्त्रक्रिया करून घेतली, त्याचा गुण आला. ज्याला उपचार घ्यायचे त्याने घ्यावेत, ज्याला नको त्याने आहे तसं राहावं, यावरून आमच्यात कुणी कुणाला बोलत नाही.

बोलतो ते फसवणाऱ्यांबद्दल. एसटीच्या खिडकीतून तुम्हीही पाहिलं असेल, गावागावांच्या भिंतींवर रंगवलेलं असतं, 'पांढरे डाग, हमखास इलाज'. १९५४ च्या औषधांच्या जाहिरातींवरच्या कायद्यात ज्या आजारांवर इलाजाची जाहिरातच करता येत नाही त्यांची यादी आहे, तिच्यात हा आजार आहे. आणि आता मला दुखावणारी गोष्ट. भाचीने जो फॉर्म भरला त्या मंडळाच्या वधू-वर पुस्तिकेच्या मागच्या पानावर अशीच जाहिरात होती. आत सतरावा रकाना, बाहेर हमखास इलाज. मुलीच्या बापाने आधी आत घाबरावं आणि मग बाहेरच्या नंबरावर फोन लावावा. मंडळाने हे ठरवून केलं असं मी म्हणत नाही. जाहिरात आली, पैसे मिळाले, छापली. पण माझ्या वडिलांनी तसल्याच एका वैद्याच्या मलमासाठी म्हैस विकली होती. त्या मलमाने माझ्या मनगटावर फोड आले, आणि फोड बसले तिथे नवा डाग.

माझं लग्न कसं झालं ते थोडक्यात. मंडळातून नाही झालं. बावीस वर्षांपूर्वीच्या त्या तपकिरी फाइलीतून मला दोन स्थळं सांगून आली, एक माझ्यापेक्षा एकोणीस वर्षांनी मोठं आणि दुसरं दारूचं. "तुमच्या मुलीला अजून काय हवं?" असं माझ्या वडिलांना विचारलं गेलं, माझ्यासमोर. चार वर्षांनी नोकरी लागली. आगाराच्या कार्यशाळेत काम करणाऱ्या एकाने मला एकदा विचारलं, "उन्हात चुरचुरतं का?" मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या गाडीत वाहकाच्या सीटशेजारच्या खिडकीला पडदा लावून दिला. त्याच्याशी माझं लग्न झालं. त्याच्या आईचा आधी विरोध होता, आता नाही.

तुम्ही म्हणाल, कोड असलेल्यांसाठी वेगळे मेळावे होतात की. होतात. 'श्वेता'ने ते घेतले आणि त्यातून माणसांचे संसार उभे राहिले, त्यांचं ऋण आम्ही मानतो. ज्या मुलीला दहा ठिकाणी नाकारलंय, तिला एका जागी निर्धास्त बसता यावं म्हणून ती सोय आहे. पण दार तुम्ही लावलंत म्हणून ती करावी लागली. ते मेळावे आहेत म्हणून आमच्या मुलामुलींना तिकडे पाठवायला तुम्ही मोकळे झालात, असा त्याचा अर्थ कृपा करून लावू नका. कोड असलेल्या मुलाने कोड असलेल्या मुलीशीच लग्न करावं असा नियम कुणी केला?

'लोक विचारतात म्हणून आम्ही विचारतो', हेही मी ऐकलंय. खरं असेल. पण लोक हुंडाही मागायचे, मागतात. तरी तुमच्या फॉर्ममध्ये आज 'हुंड्याची अपेक्षा' असा रकाना नाही. पत्रिका न पाहणाऱ्यांसाठी, आंतरजातीय लग्न करू इच्छिणाऱ्यांसाठी तुमच्यातल्याच काहींनी वेगळी नोंद सुरू केली. छापील फॉर्मला वजन असतं. जे त्यात विचारलं जातं ते विचारण्यासारखं आहे, असं लोक धरून चालतात. साध्या घरातला माणूस ज्या गोष्टीचा विचारही करत नाही ती तो तुमच्या सतराव्या रकान्यात वाचतो आणि मग घरी जाऊन सुनेच्या मावशीबद्दल विचारतो.

लपवा असं मी सांगत नाही, हे नीट लक्षात घ्या. लपवून झालेल्या लग्नांचे हाल मी गटात पाहिलेत, लांब बाह्यांचे ब्लाउज घालून नवऱ्यासमोरही अंधारात वावरणाऱ्या बायका पाहिल्यात. ज्याच्या अंगावर कोड आहे त्याने समोरच्या माणसाला सांगावं, पहिल्या-दुसऱ्या भेटीत, स्वतःच्या तोंडाने. त्यासाठी फॉर्ममध्ये 'स्वतःच्या आरोग्याविषयी सांगावेसे वाटल्यास' अशी एक ओळ पुरे. घराण्याचा रकाना मात्र काढून टाका, अख्खा. 'शारीरिक व्यंग' या शब्दाखाली कोड लिहून घेऊ नका. अपेक्षांमध्ये कुणी 'घराण्यात कोड नसावे' असं लिहून दिलं तर ते पुस्तिकेत छापू नका, समोर बसवून त्याच्याशी दोन मिनिटं बोला. टेबलावर बसणाऱ्या ताई-दादांना हे शिकवा, की 'श्वेतकुष्ठ' म्हणायचं नाही, आवाज खाली आणायचा नाही. ती मागच्या पानावरची जाहिरात परत करा. मेळाव्यात सत्कार-समारंभाला तासभर जातो, त्यातली दहा मिनिटं एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाला द्या. डॉक्टर मिळाले नाहीत तर आमच्या गटातलं कुणीतरी येईल, येण्याजाण्याचा खर्चही नको. आणि ती तपकिरी फाइल. तिच्यातले फॉर्म काढून मोठ्या फाइलीत लावा, नोंदणीच्या क्रमाने.

मराठीत कोड या शब्दाचा दुसराही अर्थ आहे. आपण मुलांचे लाड-कोड पुरवतो, सुनेचं कोडकौतुक करतो. माझी आजी, जिला सांगायचं नव्हतं, तिला अर्थातच एक दिवस दिसलं. भाकरी थापताना बाही वर गेली होती. तिने हातातलं पीठ झटकलं, माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "एवढं कोड दिलंय देवानं, आता मी काय पुरवू तुला?" मग तिने त्या दिवशी मला तव्यावरची पहिली भाकरी लोणी लावून दिली. आईला वाटत होतं आजी घर डोक्यावर घेईल.

बहिणीने नवा फॉर्म आणलाय, पण भाची तो भरायला तयार नाही. जुन्याच फॉर्मवर तिने सतराव्या रकान्यात 'मावशी' शब्दापुढे कंसात लिहिलंय, 'मेळाव्याला बरोबर येणार आहे'. तेव्हा तुमच्यातल्या ज्या कुणाचा पुढचा मेळावा असेल तिथे आम्ही दोघी येऊ. मी अर्ध्या बाह्यांचं ब्लाउज घालीन, दुपारचं ऊन असेल तर छत्री असेल. प्रवेश शुल्क मीच देईन. नोंदणीच्या टेबलावर तुमच्याकडे सुट्टे नसतील तर काळजी करू नका, माझ्याकडे असतात.

आपली,
एसटीतली एक वाहक
जिल्हा सातारा